मागची जागा

जोडणी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर उमटलं आणि तिने पाठ खुर्चीला टेकली. कधीचं भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं निघालं होतं. स्टुडिओतलं फोटो दुरुस्तीचं ॲप आता क्लाऊडवरच्या डेटा वेअरहाऊसला, माहितीच्या कोठाराला, जोडलेलं होतं. बाबांनी आजवर ज्या ज्या फोटोवर हात फिरवला, त्यातली प्रत्येक दुरुस्ती तिकडे जाऊन बसली होती. काय पुसलं, काय उजळलं, कुठलं उचलून कुठे ठेवलं. सोबत हात न लावलेला मूळ फोटोही.

बाबा डावखुरे. तिच्या लेकीच्या, चिऊच्या वाढदिवसाच्या आधी त्यांचा डावा हात एकाएकी उचलेनासा झाला, आणि डॉक्टरांना त्याचं काही कारण सापडलं नाही. हात गेला तर गेला, हातातली कला तरी यंत्राला शिकवून ठेवावी, एवढाच तिचा हेतू होता. स्टुडिओ चालवायचा तर दुसरा इलाजही नव्हता.

"आई, खांदा दुखतोय," चिऊ आतल्या खोलीतून म्हणाली. वाढदिवसापासून लेकीचं हेच पालुपद चाललं होतं.

"दप्तर उजव्या खांद्यावर घे म्हटलं ना तुला."

"उजव्याच घेते. दुखतो डावा."

काल चिऊला त्या हाताने पाण्याचा पेलाही धरवला नव्हता. सकाळी शाळेच्या गणवेशाची बाही आईनेच चढवली होती. उद्या परत डॉक्टरांकडे न्यायचं असं मनाशी ठरवून ती स्क्रीनकडे वळली.

बाबा सगळ्यात जास्त काय दुरुस्त करत, हे तिने ॲपला विचारून पाहिलं. मुरुमं, चष्म्यावरची चमक, कपाळावर आलेली बट. यात नवल काहीच नव्हतं. पण खाली एक भलतीच दुरुस्ती होती. सरकवणे. तिला हसू आलं. नको ते सरळ पुसायचं हा बाबांचा खाक्या, ते काही सरकवत बसणाऱ्यांतले नव्हते. आणि हे सरकवणं सापडत होतं एकाच गिऱ्हाइकाच्या फोटोंत. गिऱ्हाईक कसलं, चिऊच ती.

दर वाढदिवसाला चिऊचा फोटो इथेच निघायचा. दर वेळी बाबा टायमर लावायचे आणि झरझर येऊन नातीच्या मागे उभे राहायचे. आजोबांना फोटोत घुसायची भारी हौस, अशी घरात थट्टा चाले. यंदा वाढदिवसाच्या दिवशी ते अंथरुणातून उठू शकले नाहीत, म्हणून चिऊ पहिल्यांदाच एकटी फोटोत आली. "चला, एकदाचा नीट आला फोटो," असं चिऊची आईच हसून म्हणाली होती.

तिने मूळ फोटो ओळीने मांडले. पहिल्या वाढदिवसाला मागे पडद्यापाशी एक धुरकट डाग होता. पुढच्या वर्षी तो पडदा सोडून अलीकडे आला होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी अलीकडे. एकेक फोटो पाहिला तर लेन्सवरची धूळ म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. ओळीने पाहिलं तर तो चालत येत होता.

बाबांनी दुरुस्त केलेल्या फोटोंत डाग चिऊजवळ नव्हता. त्यांनी तो दर वर्षी अलगद उचलून स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला होता. काळ्या कोटावर दिसतही नव्हता.

तिने यंदाचा फोटो उघडला. याला कुणाचाच हात लागलेला नव्हता. डाग चिऊच्या डाव्या खांद्यावर होता. तिने तो मोठा करून पाहिला. चार बोटं स्पष्ट दिसत होती, अंगठा बहुधा पाठीकडे असावा.

बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर, कुणी दुसऱ्याने आणून ठेवावा तसा.

"बाबा, तुम्ही हे पुसून का नाही टाकलंत?"

'हे' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं नाही. "पुसून बघितलं. आठवड्यात परत येतं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर सरकवलं तर वर्षभर तिथे थांबतं. पण त्यासाठी फोटोत मागे कुणीतरी उभं लागतं ना गं."

"मला सांगायचं तरी."

"तू उभी राहिली असतीस."

तिला रडू फुटलं. डोळे तिने पदराने नाही, हातातल्या लेन्स पुसायच्या फडक्यानेच टिपले. मग तिने विचारलं, "पण तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

बाबांनी कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तिचा लहानपणचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला. मागे आई. आई जाऊन जमाना लोटला होता. एक खांदा पाडून, जरा वाकडी उभी राहायची ती. सवयच होती तिची, असं घरातले सगळे म्हणत. आईच्या मांडीवर, आईच्या शेजारी असा एकही फोटो आपला का नाही, याचा रागही तिने लहानपणी धरला होता. प्रत्येक फोटोत आई मागेच.

"तेव्हा निगेटिव्हवर ब्रशने करायचो," बाबा म्हणाले. "तीच म्हणायची, माझ्यावर सरकवा."

ती उठली. तिने दिवे लावले, कॅमेऱ्याची तिवई ओढली आणि चिऊला हाक मारली. चिऊ डावा हात उजव्या हाताने धरून आली आणि स्टुलावर बसली.

"तू कशाला मागे, आई? परत बिघडेल फोटो."

"बिघडू दे," ती म्हणाली. तिने टायमर लावला, लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि डावा खांदा जरा पुढे केला.