येतानाची वेळ

“सव्वीस मिनिटं!” आरोग्य खात्याचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले आणि पाठीमागची उशी सरळ करून पुन्हा खुर्चीला टेकले. “इथून मोठ्या रुग्णालयापर्यंत फक्त सव्वीस मिनिटं. मी स्वतः गाडीत बसून मोजली आहेत.”

शाळेच्या हॉलमध्ये एकच गलका झाला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. ‘सुधारणा’ या शब्दाचा गावाला आता वीट आला होता. सुधारणेत आधी रात्रपाळीचा डॉक्टर गेला, मग एक्स-रेचं मशीन गेलं. आता दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड जाणार होता. नवा नियम साधा होता. मोठं रुग्णालय अर्ध्या तासाच्या आत असेल, तर छोट्या दवाखान्यातला वॉर्ड बंद. नियम करणाऱ्यांना बहुधा कधी कळा आल्या नसाव्यात.

साहेबांचं सगळंच खोटं होतं असं नाही. तिथे चोवीस तास सर्जन असतो, रक्तपेढी आहे, लहान मुलांचे डॉक्टर आहेत. तुमच्याच लेकीसुनांच्या भल्यासाठी, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पण भलं व्हायला आधी तिथवर पोचावं लागतं, आणि ते पोचणं साहेबांनी एका आकड्यात उरकून टाकलं होतं.

तो आकडा मिळवून दिला होता दाराशी उभ्या असलेल्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने. बावीस वर्षं गाडी हाकणाऱ्या या माणसाला सगळे ‘विमान’ म्हणायचे, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. तीन आठवड्यांपूर्वी साहेब हातात स्टॉपवॉच घेऊन त्याच्या शेजारी बसले. “बघू तुझं विमान,” म्हणाले. झालं, गडी पेटला. रविवारची सकाळ, मोकळा रस्ता, वर सायरन चालू. पुलापलीकडचा उखडलेला पट्टासुद्धा त्याने वेग कमी न करता पार केला. पाठीवर थाप पडली तेव्हा त्याची छाती फुगली होती. ही चाचणी कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

आता पहिल्या रांगेत त्याची लेक बसली होती. आठवा महिना होता. पहिल्या खेपेला घरातून निघाल्यापासून वीस मिनिटांत ती याच वॉर्डात मोकळी झाली होती. बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. सिस्टरने ते सोडवले, म्हणून नात आज शाळेत जात होती. दुसऱ्या खेपेला तर याहून घाई होते, असं सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं.

लेकीच्या शेजारून तिची सासू उठली.

“व्याही, साहेबांच्या त्या सव्वीस मिनिटांच्या कागदावर तुमची सही आहे म्हणे?”

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

“आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

“म्हणजे माझ्या सुनेला तुम्ही सव्वीस मिनिटांत पोचवणार?”

“तो कसला पोचवतोय!” मागून कोणीतरी ओरडलं. “साहेबाला सामील आहे तो!” मग शिव्या सुरू झाल्या. शिव्या त्याने पचवल्या असत्या. पण लेक पाठमोरीच बसून होती, आणि ते त्याला सहन होईना.

साहेबांनी हात उंचावून सगळ्यांना गप्प केलं. आता ते खुशीत होते. “हा तुमचाच माणूस. त्याच्याच तोंडून ऐका. सांग रे, सव्वीस लागली की नाही?”

ड्रायव्हरचं कंत्राट दर वर्षी याच साहेबांच्या सहीने पुढे सरकायचं. हे साहेबांना ठाऊक होतं, आणि त्यालाही. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. शिवाय ते खरंही होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या वेगाची लाज वाटली.

“लागली,” तो म्हणाला आणि तडक बाहेर गेला.

पळाला, असंच सगळ्यांना वाटलं. पण तो गाडीतलं लॉगबुक घेऊन परत आला. जाण्याची वेळ वेगळी लिहायची, येण्याची वेगळी, आणि सोबत बसलेल्या माणसाची दोन्हींपुढे सही घ्यायची. नाहीतर डिझेल मिळत नाही. हा नियमही खात्याचाच होता. त्याने त्या रविवारचं पान उघडून लॉगबुक सासूबाईंच्या हातात दिलं.

“विहीणबाई, तुम्हीच वाचा. मोठ्याने.”

त्यांनी चष्मा चढवला. “जाताना सव्वीस मिनिटं. येताना...” त्या थांबल्या. पुन्हा नीट बघितलं. “येताना एकावन्न. दोन्हींपुढे साहेबांची सही आहे.”

“येताना एवढा वेळ कसा लागला?” कोणीतरी विचारलं.

“रस्ता तोच होता. रहदारीही नव्हती,” ड्रायव्हर म्हणाला. “पण जाताना त्या उखडलेल्या पट्ट्यावर साहेबांची कंबर धरली. येताना त्यांना बसवेना. मागे स्ट्रेचरवर झोपवून आणलं. हळू चालव रे, एक धक्का सहन होत नाही, असं सारखं ओरडत होते.”

साहेबांनी पाठीमागची उशी काढून गुपचूप टेबलाखाली सारली. ते सगळ्या हॉलने बघितलं.

“येतानाची वेळ धरायची नसते!” ते कडाडले. “चाचणी फक्त जाण्याची होती!”

लेकीने मागे वळून बापाकडे बघितलं.

“येतानाचीच धरा, साहेब,” तो म्हणाला. “गाडीत पेशंट तेव्हाच होता.”