तिसरीचा वर्ग

"बोल ना बापू, बाई विचारून राहिल्या," म्हणत धर्मपालनं सुमेधच्या पाठीवर हात ठेवला.

धामणगाव रेल्वेच्या एसटीडी बूथमध्ये सुमेध रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. पलीकडे, टांझानियातल्या एका इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका दिघेबाई होत्या. त्या विचारत होत्या आणि सुमेध एकेका शब्दात उत्तर देत होता. मग तो गप्पच झाला. शेवटी "थँक्यू मॅडम" म्हणून त्यानं रिसीव्हर बापाच्या हातात दिला.

दिघेबाई मूळच्या बडोद्याच्या. मराठीत म्हणाल्या, "घाबरलाय मुलगा. कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवते आणि पुढच्या सोमवारी फोन करते."

धर्मपालनं त्यांना घरमालकाचा नंबर दिला.

धर्मपाल कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होता. त्या दोन-तीन वर्षांत कापसाचं गणितच बिघडलं होतं. आसपासची जिनिंगं एकेक करून बंद पडली, तसं त्याचंही पडलं. टांझानियातल्या जिनिंगला वऱ्हाडातला माणूस हवा होता. राहायला क्वार्टर होतं, शेजारी दोन-चार भारतीय कुटुंबं होती. धर्मपालची आई मैनाबाई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याच्या बायकोला, शकुनला, निघता येत नव्हतं. पण सुमेधला सोबत न्यावं, तो इंग्रजी शिकून मोठा व्हावा, असं धर्मपालच्या मनानं घेतलं होतं.

प्रश्न वर्गाचा होता. सुमेध इथं मराठी शाळेत सहावीत, आणि तिकडचं वर्ष जानेवारीत सुरू होणारं. धर्मपाल शकुनला घेऊन वर्गशिक्षकांना विचारायला गेला.

"सहावीत घेत असतील तर डोळे मिटून न्या," सर म्हणाले. "एक वर्ष मागं बसवलं तरी चालेल. पण त्याहून मागं नका नेऊ. पोरगं हुशार आहे, पण मनाला लावून घेतं. लहान पोरांत बसवलं तर खचून जाईल."

शकुन पदर सावरत सगळं ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "न्या त्याले. इथं काय ठेवलं आहे?" दुसऱ्याच दिवशी तिनं सुमेधसाठी काळे बूट आणले. तो ते घालून घरातल्या घरात फिरायचा आणि खाटेवरच्या आजीला इंग्रजी कविता म्हणून दाखवायचा.

फोन यायचा त्या दिवशी धर्मपाल कामासाठी अमरावतीला गेला होता. संध्याकाळी परतला तर शकुन दारात भाजी निवडत बसली होती.

"फोन आला होता," ती मान वर न करता म्हणाली.

"मंग? कोणता वर्ग?"

"तिसरी म्हणे."

"तिसरी? असं कसं?"

"त्याले काहीच येत नाही म्हणे. मी तरी काय बोलू?"

आतून सुमेध बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मी तिसरीतल्या पोरांत बसू?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर ते बूट त्यानं घातले नाहीत.

जानेवारीत धर्मपाल एकटाच गेला.

हंगाम संपला की तो घरी यायचा. पहिल्याच खेपेला त्याला पोरगं बदललेलं दिसलं. वर्गात पुढे बसणारा सुमेध आता मागे जाऊन बसत होता. इंग्रजीच्या तासाला हात वर करत नव्हता. धर्मपाल समजवायला गेला तर म्हणाला, "मी ढ आहे ना. तुमीच तर मले त्या फोनपाशी उभं केलं होतं."

ते धर्मपालच्या जिव्हारी लागलं. खरंच, काऊन उभं केलं आपण त्याले?

पुढच्या खेपांना बाप घरात आला की सुमेध बाहेर पडायचा. दहावीत त्याचा इंग्रजीचाच विषय राहिला. परत पेपर दिला नाही. धामणगाव-अमरावती जीपवर ड्रायव्हर म्हणून लागला. मैनाबाई गेली तेव्हा धर्मपाल शकुनला म्हणाला, आता तू तरी चल. पोराला सोडून ती निघाली नाही.

मग धर्मपालचं येणंच कमी झालं. दर वर्षीचं वर्षाआड झालं, पुढे तेही राहिलं. हंगाम नसताना तो मशिनी खोलून बसायचा. शकुन फोनवर विचारायची, "यंदा येता ना?"

"पाहू पुढच्या वर्षी," तो म्हणायचा. घरी जाऊन पोराची पाठमोरी आकृती पाहण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी तेल्हाऱ्याचा एक तरुण फिटर बायको-मुलीला घेऊन जिनिंगवर आला. मुलीला शाळेत घालायचं होतं. "काका, सोबत चला ना," म्हणाला. धर्मपालनं त्या शाळेचा रस्ता कायम टाळला होता. पण त्याला नाही म्हणता आलं नाही.

दिघेबाईंचे केस पांढरे झाले होते. मुलीशी त्या हसत बोलल्या आणि तिला पाचवीत घेतलं. निघताना धर्मपालला राहवलं नाही.

"बाई, माझ्या पोरालेही घेतलं असतं असं, तर बरं झालं असतं. धामणगावचा सुमेध. तुमी त्याले तिसरीत टाकलं होतं."

"तिसरीत?" दिघेबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "फोनवर बोलता बोलता गप्प झालेला, तो ना? अहो, शब्द थोडे बोलला, पण एकही चुकीचा नव्हता. मी त्याला सहावीत घेतलं होतं. तुमच्या मिसेसना तसं कळवलंही."

निघालेला धर्मपाल परत खुर्चीत बसला.

"त्या फोनवरच रडायला लागल्या," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणाल्या, नका घेऊ बाई त्याले. पोरगं इथं राहिलं, तर त्याच्या ओढीनं त्याचा बाप तरी घरी येत राहील."