रेषा दिसल्या पाहिजेत

"पण पैसे कोण भरणार?" समाधानने पारावर विचारलं. इतका वेळ तावातावाने बोलणारी माणसं एकाएकी आपापल्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली.

गावच्या पोरी राज्याच्या क्लब स्पर्धेत कबड्डीच्या फायनलला गेल्या होत्या. धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या अलीकडचं एवढंसं गाव, आणि समोर पुण्याचा संघ! कप्तान होती समाधानची धाकटी बहीण दिपमाला. मॅच उद्या संध्याकाळी रत्नागिरीला होती आणि दिसणार होती फक्त एका अ‍ॅपवर, तीही सबस्क्रिप्शन घेतलं तरच. दिपमालाला खेळताना अख्ख्या गावाने पाहावं, एवढी एकच गोष्ट समाधानला हवी होती.

"काय गरज शे?" भाईदास नाना म्हणाले. "पोरी जिंकन्यात तर फुकटमा व्हॉट्सअ‍ॅपवर ई जाई."

"सेमीफायनलला फुकटच पाहिली ना, नाना? काय दिसलं?"

कुठली तरी फुकटची लिंक लावली होती. दिपमाला शेवटच्या चढाईला गेली आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. चक्र थांबलं तेव्हा रमीची जाहिरात चालू होती.

"मनी पोरले मी काय जाहिरातमा दखू?" समाधानची आई कुंदाबाई पाराखालून कडाडली. "मी तर म्हनस, घरघरमाईन वर्गनी काढा."

वर्गणी म्हटल्यावर पुन्हा मोबाइल. एकाने घ्यावं आणि पासवर्ड सगळ्यांना द्यावा, असंही निघालं. पण अ‍ॅपवाले असे चिवट, की दुसऱ्याने उघडलं की पहिला बाहेर!

"पैसा मी देस," मागून आवाज आला.

सुकदेव आबा! दुसऱ्याच्या पेपरवर आणि तिसऱ्याच्या चहावर दिवस काढणारा माणूस!

"आबा, ताप-बीप तर नाही ना आला?" समाधानने खरोखर त्यांचं कपाळ चाचपलं.

आबांनी त्याचा हात झटकला. "पन अटी शेतस. बठ्ठं मैदान दिसाले पायजे, रेषासगट. आनि मना पैसावर कोनी कोनले शिव्या देवान्या नहीत."

"सगळं दिसेल, आबा. रेषा काय, रेषेवरची मुंगीसुद्धा दिसेल."

भाईदास नानांना आता फुकटात हुरूप आला. "पंचमा कोनी आपला शे का रे? व्हई तर आत्तेच फोन लावू. गावनी इज्जतना सवाल शे."

हसले सगळे, पण नाना थट्टा करत नव्हते. आमच्याकडे एसटीत जागा धरण्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ओळख काढल्याशिवाय पान हलत नाही.

"बठ्ठा पंच परजिल्हाना शेतस," आबा तळहातावर तंबाखू मळत म्हणाले आणि उठून गेले.

आबांना एवढं उदार व्हायला काय झालं असावं, याचा समाधानने घरी जाताना विचार केला. मग आठवलं. पोरींची कबड्डी गावात पहिल्यांदा आणली ती आबांच्या सुलक्षणानेच. तेव्हा मंडळ-बिंडळ काही नव्हतं. स्वतः फक्की टाकून मैदान आखायची आणि पोरांनासुद्धा लबाडी करू द्यायची नाही, भारी भांडकुदळ. पुढे तिला साताऱ्याकडे दिली. दिपमाला तेव्हा रांगत होती. आता सुलक्षणा कधी दिवाळीला यायची, डोक्यावर पदर घेऊन, आणि आली तशी जायची. आबांना दिपमालात आपली लेक दिसत असणार. समाधानला म्हातारा एकदम आवडून गेला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या सभामंडपात पांढऱ्या भिंतीवर मॅच लागली. आबा सगळ्यांच्या आधी हजर! कडक धोतर, नवी टोपी, बसायला पहिली रांग. निवेदक खेळाडूंची नावं सांगून झाला, पंचांची सांगू लागला, तेव्हा मंडळी शेव-मुरमुऱ्यांवर तुटून पडली होती.

"गप बसा रे!" आबा खेकसले.

आणि काय खेळल्या म्हणता पोरी! पुण्याच्या धिप्पाड मुलींना लोळवत होत्या. दिपमालाने एका चढाईत दोघींना बाद केलं तेव्हा भाईदास नानांनी कोणाची तरी टोपी हवेत उडवली. कुंदाबाई रडायलाच लागली. समाधानची छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची वेळ आली होती.

फक्त आबा ओरडत नव्हते. सगळं गाव मैदानाच्या मध्ये बघत होतं आणि ते कडेला बघत होते.

गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई दिपमालाची. ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीकडे झेपावली, हात लागला, मध्यरेषेवर परत आली. सभामंडप दणाणला!

तेवढ्यात शिट्टी वाजली. कडेची पंचबाई पुढे आली, पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस. हात लागायच्या आधीच दिपमालाची टाच मागच्या रेषेबाहेर पडली होती. दिपमाला बाद. पुणे एका गुणाने विजयी.

प्रेक्षक ओरडत होते, आमचे प्रशिक्षक हातवारे करत होते. पंचबाई जागची हलली नाही.

"पैसे खाल्ले हिने!" समाधान आबांची अट विसरून किंचाळला.

पण भिंतीवर दिपमालाने मागे वळून रेषेकडे पाहिलं आणि स्वतःच हात वर केला. बाद झाले, कबूल. बहीण हरली होती आणि त्याला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

शेजारी आबा हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते.

"हरलो आपण, आबा! हसताय काय?" समाधानला रडू आवरेना. "रेषेच्या टोकापर्यंत बघणारी ही बया कुठून शोधून आणली त्यांनी?"

आबांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"याच गावनी शे भो ती. मनी सुलक्षणा."