न नेलेलं पाकीट

गिरगावातला आपला फोटो स्टुडिओ कायमचा बंद करताना गंगाधरकाकांनी, कुणी न नेलेल्या पाकिटांचे फोटो जुन्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्यात सुमेधाचं पाकीट होतं, १९९१ सालचं. स्थळांना पाठवायला आईने तिचे फोटो काढवून घेतले होते, पाच प्रती. सुमेधाला आधी एम.एस्सी. करायचं होतं, म्हणून तिने फोटो आणलेच नाहीत. घरी सांगितलं, फिल्म खराब झाली. बाबा चिडले, आई काहीच बोलली नाही, आणि स्थळं बघणं लांबलं.

"स्कॅन करून पाठवतो गं, कशाला धावपळ करतेस?" काका फोनवर म्हणाले.

सुमेधा तरीही गेली. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि ते खोटं कबूल करायचं राहूनच गेलं होतं.

पाकिटात चारच फोटो निघाले.

"काका, एक कमी आहे."

काकांनी चष्मा लावून पाकीट उलटं केलं. मागे त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं:

 

"एक प्रत आई घेऊन गेली. बाकीच्या प्रती मुलीचं शिक्षण झाल्यावर तिलाच द्याव्यात. वडील मागायला आले तरी देऊ नयेत."