तळहातावरचे डाग

जनीने दोन्ही तळहात डॉक्टरांपुढे धरले. तांबूस डाग होते, खाज मात्र नव्हती. पोटात पाचवा महिना होता.

"करनी हाय सवतीची," ती खाली मान घालून म्हणाली.

सासूने तिला तसंच सांगितलं होतं. जनीच्या नवऱ्याच्या, काशीरामच्या, पहिल्या बायकोची सगळी पोरं मेलेलीच जन्मली, म्हणून तिला घालवली. आता ती जळते. तिचं नावसुद्धा घरात कुणी घेत नसे.

"करणी नाही, गरमी आहे, उपदंश," डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं होतं. "जंतूंचा आजार. नवऱ्याकडून तुला झाला, तुझ्याकडून पोराला होईल. पण पेनिसिलीनने जातो. वेळेत आलीस."

जनीला रडू फुटलं. दवाखान्यातल्या आयाने, हौसाने, तिला बाकावर बसवून पाणी दिलं.

"कुनाच्या घरातली गो तू?"

जनीने भाट्याच्या खाडीपलीकडचं घर सांगितलं. हौसाने तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "सगल्या सुया घे. एक बी चुकवू नको."

"तुमाला कसं ठावं?"

"मना पन झाला होता. तवा कोन सांगनारा नव्हता. पोरां गेली. मागाहून हितंच बरी झाले."

सासू अंगारा लावत राहिली आणि जनी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून सुया घेत राहिली. प्रत्येक खेपेला हौसा तिचा हात धरून बसे. डाग गेले.

थंडीच्या सुरुवातीला दवाखान्यातच मुलगी झाली. खणखणीत रडली. हौसाने तिला पुसलं, आणि बराच वेळ छातीशी धरून ठेवलं.

मुंबईहून काशीराम आगबोटीने लेकीला बघायला आला. जनीने त्याला अंथरुणाजवळ येऊ दिलं नाही.

"आदी दवाखाना. डाक्टरांनी तुमाला पन सुया सांगितल्यात."

तो कुरकुरत तिच्यामागून निघाला. दवाखान्याच्या दारात मात्र त्याचे पाय थबकले.

"लाजू नका," जनी म्हणाली. "ही हौसाताय. हिच्यामुलं आपली पोर जगली."

काशीरामची मान वर होईना. हौसाने उकळत्या पाण्यातून सुई काढली.

"वलखते मी ह्याला," ती शांतपणे म्हणाली. "तुज्याआदी मीच नांदत होते ह्याच्या घरी."