आत आलेलं

पब्लिक:

"सांग, पेरेंट क्लासमधलं प्रायव्हेट, म्हणजे खाजगी ठेवलेलं, वारशाने चाइल्ड क्लासमध्ये येतं का?" कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं.

"नाही सर," माऊस धरून बसलेली शर्वरी ठामपणे म्हणाली. "ते पेरेंटपाशीच राहतं."

प्रोटेक्टेड:

हे ती घरीच शिकली होती. आजोबांनंतर बाबांचेही हात थरथरू लागले. आता त्यांना घाससुद्धा भरवावा लागे. त्यांची हनुवटी पुसताना आई दरवेळी म्हणायची, "त्यांचं त्यांच्यापाशी. तुझ्यात काही आलेलं नाही, पोरी."

"येतं बाळा," सर म्हणाले. "सगळंच्या सगळं येतं, आत जागा धरून बसतं. फक्त चाइल्डला त्याला थेट हात लावता येत नाही. असो, पास आहेस. पण हात किती कापतोय तुझा! तोंडी परीक्षेला एवढं घाबरतात का?"

"सॉरी सर," ती हसली. घाबरली तर होतीच.

प्रायव्हेट:

सर पुढच्या मुलाकडे वळले. परीक्षा संपली, भीती ओसरली, श्वास संथ झाला. पडद्यावरचा बाण मात्र थरथरतच होता.

तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून धरलं.

बाण थांबेना.