पाण्याची वही

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तळं सरकारजमा झालं आणि पाण्याच्या पाळीची वहीही तहसिलीच्या कपाटात जाऊन बसली. "सरकारी कागद आहे, दाखवता येत नाही," हेच कारकून दोन वर्षं सांगत राहिला, म्हणून कवडूनं दावा ठोकला. आज न्यायाधीशांनी तीच वही कोर्टात वाचायला लावली. तळं त्याच्या आजानं खोदलं होतं. पहिलं पाणी आपल्याच धानाला, हे तो धरूनच चालला होता. कारकून वाचू लागला: पहिलं पाणी टोकाच्या बांधीला; तळं खोदणाऱ्याच्या घराला सगळ्यांच्या मागून. खाली आजाचा अंगठा. टोकाची बांधी, तळ्यापासून सगळ्यात लांबचं धानाचं खाचर, वच्छलाची. वही नसताना पाळी कवडूच लावायचा; तिला त्यानं दरवर्षी शेवटी पाणी दिलं होतं, तरी साक्षीला ती त्याच्याच बाजूनं आली होती. "नक्कल पायजे काय?" कारकून गालात हसला. "दोन द्या," कवडू म्हणाला. "एक वच्छलावहिनीले."